तासावरच्या बाई

(परळला एका रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच नंतर बसून लिहून काढलं. दोनचार शिव्या गाळल्या, बाकी हात लावलेला नाही.)



मागच्या फळ्यावर तुम्ही 'प्रा.' असं लिहून ठेवलंय, ते माझ्यासाठी नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी आहे. आज ती बोलणार होती. समुपदेशन आणि शालेय मानसशास्त्र हा विषय तिचा. मी दहावी पास, तेही दुसऱ्या खेपेला. गोदीत ठेकेदाराकडं पोलादाच्या कॉइली उतरवतो आणि रात्री जमेल तशी कविता लिहितो. काल जेवताना ताई म्हणाली, "तू जा. मी नाय येत." म्हटलं, का? तर म्हणाली, "पुढच्या सत्राचे तास अजून वाटलेले नाहीत."

एवढंच कारण. एम. ए. झालेली, नेट पास झालेली बाई परळच्या ह्या दहा बाय बाराच्या खोलीत, आपल्याच पोरापोरींसमोर बोलायला घाबरते, कारण तास वाटायचे राहिलेत. ती का आली नाही, हेच माझं आजचं भाषण समजा.

तिनं अट घातलीय. विद्यापीठाचं नाव घ्यायचं नाही, विभागाचं नाही, कुणा माणसाचं नाही. मी घेणार नाही. तुम्हीही खाली टपरीवर अंदाज करत बसू नका. नाव घेतलं की वाटतं, दोष त्या एका इमारतीचा होता.

आमचा आजा लालबागच्या गिरणीत बदली होता. आताच्या पोरांना 'बदली' म्हटलं की सरकारी माणसाची गावाला झालेली बदली आठवते. तसं नाही. भोंग्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, मेला, तर त्या दिवसापुरतं आत घ्यायचे. नाही पडला तर डबा तसाच घरी. आज्याच्या बापाच्या वेळी तर आपल्या माणसाला साच्याखात्यात घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपलं तोंड लागलं की धोटा बाटायचा. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न काढला होता. पुढं १९८२ चा संप झाला, आणि आज्याला बदलीसुद्धा मिळेना झाली.

आता गोदीचं ऐका. १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला. त्याआधी गोदीतही गेटवर गर्दी करून उभं राहायचं आणि टोळीवाला बोट दाखवील त्यानं आत जायचं, असंच होतं. कायद्यानंतर मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. नोंदलेल्या कामगाराला, बोट लागली नाही तरी, हजेरीचे पैसे मिळायला लागले. महिन्याला काही दिवसांच्या मजुरीची हमी मिळाली. हे नीट ध्यानात घ्या. अंगठेबहाद्दर हमालाला थांबण्याचे पैसे मिळाले. थांबणं हेही काम आहे, हे सरकारनं कागदावर मान्य केलं. १९९४ साली ते बोर्ड पोर्ट ट्रस्टात विलीन झालं. माझ्यासारख्या ठेक्यावरच्या पोराला आज बोट नसली की घरी. पण ती हमी एकदा होती, लढून मिळवलेली होती, हे मला म्हाताऱ्यांनी सांगितलंय.

ताईला थांबण्याचे पैसे नाहीत. तिची नेमणूक आहे 'तासिका तत्त्वावर'. काय शब्द आहे बघा. बुद्धाला तत्त्व, मार्क्सला तत्त्व, आणि आता तासिकेलाही तत्त्व. वर्गात उभी राहिली तेवढ्या तासाचं बिल होतं. त्या तासासाठी आदल्या रात्री चार तास वाचलं, ते बिलात नाही. पंचवीस पोरींच्या प्रयोगवह्या तपासल्या, ते नाही. मे महिना तर नाहीच नाही. बिल महिनाअखेर भरायचं आणि पैसे केव्हा येतील ते त्या टेबलालाच माहीत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली पाहुण्या प्राध्यापकाला तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा आकडा लिहून ठेवलाय. आमच्या घरानं ते पन्नास हजार कधी एका महिन्यात पाहिले नाहीत. पाहुणा म्हणे. दरवर्षी बोलवायचं आणि दरवर्षी उंबऱ्यावर उभं ठेवायचं, ह्याला पाहुणा म्हणत नाहीत आमच्यात.

आणि ती शिकवते काय? दुसऱ्याचं मन ऐकायला शिकवते. घाई करू नका, पोराला गप्प बसू द्या, त्याच्या गप्प बसण्यातही बोलणं असतं, असं शिकवते. घड्याळावर पगार घेणारी बाई शिकवते की ऐकताना घड्याळाकडं बघू नका. एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी जिन्यात रडायला लागली. ताई दीड तास तिच्याबरोबर पायरीवर बसली. घरी आल्यावर मी चेष्टेनं विचारलं, हा दीड तास कुठल्या बिलात? ताई हसली नाही.

बाकीचे दिवस ती दोन शाळांत समुपदेशक म्हणून जाते, एक गिरगावात, एक दादरला. तिथंही करारच. दोन तुकडे, तीन तुकडे जोडून एक नोकरी करायची, गोधडीसारखी.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर कवितेतसुद्धा घातलेली नाही.

नायगावच्या बीडीडी चाळीत आम्ही आठ जण राहायचो. १६० चौरस फूट. मी पाचवीत होतो. शाळेचं नाव नको. मी वर्गात बोलत नसे. एक दिवस बाहेरून एक बाई आल्या, हातात पेटी, आणि मला वेगळ्या खोलीत बसवलं. बाईंनी नाव विचारलं, सांगितलं. आडनाव विचारलं, सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे कोण?"

म्हणजे कोण! दहा वर्षांचं पोर काय सांगणार, म्हणजे कोण? मला उत्तर माहीत होतं. पण ते मोठ्यानं सांगायचं नसतं हेही माहीत होतं, ते आईनं शिकवलं होतं. मी गप्प झालो. पुढं त्यांनी चित्रं दाखवली, शब्द विचारले, आकडे उलटे म्हणायला सांगितले. मी पायाकडं बघत बसलो. आठवड्यानं बापाला बोलावलं आणि सांगितलं, मुलगा मंद आहे, फार ताणू नका, काहीतरी हाताचं काम शिकवा. बाप तसाच पाळीवर गेला. त्या रात्री त्यानं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ताई एम. ए. ला असताना तीच पेटी घेऊन घरी आली. सरावाला माणूस पाहिजे होता, म्हणून मला बसवलं. दोन प्रश्न झाले आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, "थांब ताई, आता आकडे उलटे म्हणायला सांगशील." तिनं पेटी बंद केली. त्या दिवशी आम्हाला दोघांना कळलं की ती कामतांची कसोटी होती.

म्हणून मी तिची पुस्तकं वाचायला लागलो. इंग्रजी अडतं, ती सांगते. पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमॉन ह्या दोघांनी ही कसोटी पहिल्यांदा बनवली. कुठल्या पोराला जास्त मदत लागेल, हे कळावं म्हणून. बुद्धी म्हणजे जन्मभराचा शिक्का, असं बिने मानत नव्हता. मग ती अमेरिकेत गेली. स्टॅनफर्डच्या टर्मननं १९१६ साली ती नव्यानं बसवली आणि लिहून ठेवलं की काळ्यांच्या, मेक्सिकनांच्या, तिथल्या मूळ रहिवाशांच्या पोरांचा मठ्ठपणा वंशातूनच येत असावा. आपल्याकडं डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात ती मराठी आणि कानडी पोरांसाठी बसवली, १९४० साली त्यावर त्यांचं पुस्तक निघालं. मेहनतीचं काम आहे, ताई त्यांच्याबद्दल वाईट बोलू देत नाही. पण १९४० च्या आधीच्या पोरांवर बेतलेलं माप पुढं किती पिढ्यांच्या डोक्याला लावत राहिले, ते तुम्हीच मोजा. आणि खोट फक्त मापातही नव्हती. माप लावणाऱ्या बाईंनी आधी आडनाव विचारलं, तिथंच माझी परीक्षा झाली होती.

अमेरिकेतल्या काळ्या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली स्वतःची संघटना काढली आणि सांगितलं, आमच्या पोरांवर ह्या कसोट्या वापरणं थांबवा. त्यांच्यातला रॉबर्ट विल्यम्स हा माझा आवडता माणूस. त्यानं १९७२ साली, म्हणजे इथं पँथर उभी राहिली त्याच साली, कसोटीच उलटी बनवली. काळ्या वस्तीत बोलतात ते शंभर शब्द घेतले आणि अर्थ विचारले. गोरी पोरं आपटली. मग आता मंद कोण? १९७९ साली कॅलिफोर्नियात न्यायाधीशानं निकाल दिला की बुद्ध्यांकावरून काळ्या पोरांना मतिमंदांच्या वर्गात टाकता येणार नाही. पोरांच्या आईबापांनी कोर्टात जाऊन मिळवला तो निकाल.

मीही एक कसोटी बनवलीय, आमच्या चाळीची. नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं आणि हंडे सहा आहेत, तर अभ्यास कुणी सोडायचा? आठ माणसं, एक दिवा, नवऱ्याची रात्रपाळी, तर दिवा केव्हा मालवायचा? गणपतीत लालबागच्या गर्दीतून परळ नाक्याला दहा मिनिटांत कुठून निघायचं? स्लिंग सुटतंय हे आवाजावरून ओळखून किती पावलं मागं सरायचं? ह्या शेवटच्या प्रश्नाला एकच संधी असते. कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. मी एकदा बघतो आणि संध्याकाळी सांगतो. उलटे पाहिजेत तर उलटे सांगतो.

असो. मुद्द्यावर येतो.

मुलांचं मन तपासायचं हे शास्त्र मुंबईत कुठं सुरू झालं माहीत आहे? नागपाड्याला. १९३६ साली तिथं सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा निघाली, आज देवनारला आहे ती टिस. दुसऱ्याच वर्षी, १९३७ ला, त्यांनी बालमार्गदर्शन केंद्र काढलं, देशातलं पहिलं. म्हणजे आपल्याच वस्तीच्या कडेला. पण ताईची पुस्तकं उघडा. बाप दारू पितो ते आहे, आई रागावते ते आहे, परीक्षेची भीती आहे. जात शोधा. एखाद्या ओळीत 'सामाजिक-आर्थिक घटक' म्हणून सापडेल, ओळखू न येणारी. आणि सगळ्यावर उपाय एकच, समायोजन. पोरानं जुळवून घ्यायचं. शाळेनं कुणाशी काय जुळवून घ्यायचं, त्याचं प्रकरण मी अजून शोधतोय.

ताईनं मागच्या वर्षी वर्गात एक केस वाटली. नाव नाही, गाव नाही. मुलगा, वय अंदाजे नऊ. हुशार. वर्गात वेगळा, एकटा बसतो. बसायला घरून गोणपाट आणतो, संध्याकाळी परत घरी नेतो. तहान लागली तरी स्वतः उठून पाणी पीत नाही, शिपाई नळ सोडेपर्यंत थांबतो, शिपाई नसला तर तहानलेला राहतो. निदान लिहा आणि शिफारस लिहा.

पोरींनी मन लावून लिहिलं. समाजापासून माघार. आत्मविश्वासाची कमतरता. परावलंबी वृत्ती. गोणपाटाशी भावनिक गुंतवणूक, असंही एकीनं लिहिलं. शिफारस काय? आईवडिलांचं समुपदेशन आणि मुलाला गटात मिसळण्याचं प्रशिक्षण.

मग ताईनं सांगितलं की ह्या मुलाचं नाव भीमराव. शाळा साताऱ्याची. हे सगळं त्यानं मोठेपणी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये. पुढं तोच मुलगा मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात आला. मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं, तर बाकीची पोरं धावली, कारण फळ्यामागं त्यांचे डबे होते. आता सांगा, समायोजन कुणाचं करायचं? भीमरावाचं की डब्यांचं?

वर्ग गप्प झाला म्हणे. शेवटच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, मग फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना कुठाय?" ताई म्हणाली, "नाही. तुम्हीच आखा." बस्स, एवढंच झालं.

चार दिवसांनी तिला बोलावणं आलं. कुणी रागावलं नाही. चहा दिला. "अभ्यासक्रमाला धरून राहिलं तर बरं, मुलींच्या भावना दुखावतात." लेखी काही नाही. मेमो नाही, चौकशी नाही. फक्त पुढच्या सत्रात आठवड्याचे आठ तास होते त्याचे चार झाले. कायम माणसाला काढायला कागद लागतो दोस्तांनो. तासावरच्या माणसाला नुसतं वेळापत्रक पुरतं.

मी भडकलो. म्हटलं सोड ती नोकरी, आपण मोर्चा काढू. त्यावर ती जे बोलली ते मला सांगितलंच पाहिजे, कारण तिथं मी हरलो. म्हणाली, "गिरगावच्या शाळेत एक पोरगी तीन आठवडे डबा उघडत नाही. ती फक्त माझ्याशी बोलते. तुझा मोर्चा निघेपर्यंत ती थांबेल का?" म्हटलं, काय झालंय तिला? म्हणाली, "ते तुला सांगायचं नसतं." सख्ख्या भावाला नाही सांगितलं. पगार तुकड्यांत घेते, पण ह्या बाबतीत पुरी आहे.

मी म्हटलं, मग तू त्यांच्या व्यवस्थेला मलमपट्टी करतेस. ती म्हणाली, "जखम उघडी ठेवून तुला कविता करायचीय." आम्ही दोन दिवस बोललो नाही. आई मधे पडली.

बाबासाहेबांचं नाव घेऊनही तिनं मला गप्प केलंय. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तीही तात्पुरती जागा. तिथल्या काही प्राध्यापकांना त्यांनी स्टाफच्या पाण्याच्या भांड्याला हात लावलेला चालत नव्हता. पुढं १९२५ ते १९२८ बाटलीबॉय ह्यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला, अर्धवेळ. तेव्हा राहायला होते इथंच, परळच्या बीआयटी चाळीत. ताई म्हणते, "ते तासावर शिकवत होते म्हणून त्यांचं शिकवणं अर्धं होतं का?" मी म्हणतो, नव्हतं. पण शंभर वर्षं झाली ताई. अजून आपणच तासावर का?

ह्यावर ती काही बोलली नाही. मीही पुढं काही बोललो नाही.

आता सुप्रीम कोर्टाचं. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं की जिथं शंभर किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिथं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता पाहिजे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांशी कसं वागायचं, ह्याचं प्रशिक्षण शिक्षकांना द्या असंही त्यात आहे. चांगलं आहे. मी चांगल्याला वाईट म्हणणार नाही. पण इथवर यायला किती पोरं गेली? रोहित वेमुला २०१६ च्या जानेवारीत गेला. पायल तडवी २०१९ च्या मे महिन्यात, इथं मुंबई सेंट्रलला, डॉक्टर झालेली पोरगी. त्यांच्या दोघांच्या आयांनी मिळून २०१९ साली सुप्रीम कोर्टात अर्ज केला. पोर गेल्यावर दोन आया वकिलांचे जिने चढल्या.

आणि आता शंभर किंवा जास्त पोरं असतील तिथं एक तरी समुपदेशक नेमायचा तर भरती कशी होणार? मला विचाराल तर गेटवर. कराराची माणसं, अकरा महिन्यांची, तासाची. त्या माणसासमोर एखादं पोर येऊन म्हणेल की मास्तर मला आडनावावरून बोलतात. ज्याचं पुढच्या सत्राचं पोट त्याच मास्तरांच्या सहीवर आहे, तो माणूस काय लिहील? 'समायोजनाची अडचण' लिहील. मी त्याला शिव्या देणार नाही. मीही ठेकेदारासमोर स्लिंग कुजलंय हे दोन वेळा गिळलंय. तिसऱ्या वेळी बोललो, तेव्हा सहा दिवस काम नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, बाई कायम करा, ही मागणी फक्त बाईच्या पगाराची नाही. ती त्या गिरगावच्या पोरीची मागणी आहे. ऐकणाऱ्याची नोकरी पक्की नसेल तर सांगणाऱ्याचं दुःख कागदावर येत नाही. आपल्या संघटनेच्या मागण्यांच्या पत्रकात वसतिगृह आहे, शिष्यवृत्ती आहे, त्यात ही ओळ नाही. ती घाला. आणि समुपदेशनाच्या अर्जात तो रकाना आखा म्हणावं, त्या शेवटच्या बाकावरच्या पोरीनं मागितला तो.

ताईनं गोणपाटाच्या केसच्या पन्नास प्रती काढून ठेवल्यात. लालबागला, पानाला रुपया, पैसे मी दिले. तास मिळाले तर ती त्या वर्गात वाटणार, पुन्हा. मी विचारलं, परत बोलावणं आलं तर? म्हणाली, "चहा पिईन." तास नाही मिळाले तर पुढच्या रविवारी मी त्या प्रती इथं घेऊन येतो. पेन आपापले आणा.